शेपटाच्या पुढचा माणूस

वस्तीची रुग्णवाहिका वर्षातून एका सकाळी लोकांना पळवायची आणि उरलेलं वर्ष लोक तिला पळवायचे. तिचं डिझेल, टायर, ड्रायव्हरचा पगार, सगळं त्या एका शर्यतीतून निघायचं. म्हणून शर्यतीत कोण पहिला आला याचं कौतुक जेमतेम संध्याकाळपर्यंत टिके. पहिला येणारा बहुतेक वेळा बाहेरचा कोणीतरी काटकुळा मुलगा असायचा. तो यायचा, पळायचा, कप काखेत मारून परतीची बस पकडायचा. वस्तीला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. वस्तीचं लक्ष असायचं शेवटून कोण येतंय याच्याकडे, कारण तो हमखास ओळखीचा असे.

आणि त्याच्याही मागून यायचे धाकटे.

धाकटे म्हणजे काच-आरशांच्या दुकानातले धाकटे बंधू. साठी उलटली होती, डोक्यावर विंचरण्याजोगं काही उरलं नव्हतं, घरात नातू रांगत होता. पण थोरले बंधू हयात असल्यामुळे अख्खी वस्ती यांना धाकटेच म्हणायची आणि त्यांचीही त्याला हरकत नव्हती. शर्यतीत त्यांच्याकडे शेपटाचं काम होतं. नारिंगी जाकीट घालून सगळ्यांच्या मागून चालायचं. त्यांच्या मागून रुग्णवाहिका, आणि तिच्या मागे रस्ता वाहनांना मोकळा. शेपूट रेषेपाशी पोहोचलं की शर्यत संपली.

हे काम पहिल्या वर्षी एका व्यायामशिक्षकाकडे होतं. त्याला मागून "चला, चला, उचला पाय" म्हणायची खोड. त्या वर्षी शेवटी होत्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी थोडा वेळ ऐकून घेतलं, मग रस्त्याच्या मधोमध बसकण मारली आणि म्हणाल्या, आता मी उठत नाही. त्या खरंच उठल्या नाहीत. दुपारपर्यंत वाहतूक तुंबली आणि कमिटीची पार अब्रू गेली. मग काम धाकट्यांकडे आलं, आणि त्यांनी हातात जाकीट घेण्याआधी कमिटीकडून कायदाच करून घेतला. शेपटाने शेवटच्या माणसाच्या पुढे जायचं नाही. तो स्वतःहून बोलल्याशिवाय त्याच्याशी अवाक्षर बोलायचं नाही. आणि तो रेषा ओलांडेपर्यंत किंवा स्वतःच्या तोंडाने 'सोडली' म्हणेपर्यंत त्याची पाठ सोडायची नाही, मग तो कुठेही जावो. या शेवटच्या कलमापायी धाकटे एकदा एका गृहस्थांच्या मागोमाग दातांच्या डॉक्टरकडे जाऊन बसले होते. गृहस्थांना वाटेत दाढदुखी आठवली होती. दाढ निघाल्यावर दोघे परत रस्त्याला लागले.

"यांना शेपूट व्हायला आवडतं," धाकट्यांची बायको म्हणायची, "कारण तिथे कोणी विचारत नाही, तुम्ही आधी का नाही गेलात म्हणून."

हा टोमणा होता आणि तो कुठे लागायचा ते दोघांनाही माहीत होतं. धाकटे चार वर्षांत थोरल्या भावाच्या घराची पायरी चढले नव्हते.

भांडण झालं ते एका आरशावरून. केस कापायच्या दुकानासाठी भिंतभर आरसा न्यायचा होता. दोघा भावांनी उचलला, पार दुकानाच्या पायरीपर्यंत नेला, आणि पायरीवर तो गेला. आरसा फुटण्याचं काही विशेष नव्हतं. काचेच्या धंद्यात काच फुटतेच. पण दुकानमालकाने विचारलं, "अहो, काय झालं काय?" आणि तोंडाला साबण लावून बसलेल्या गिऱ्हाइकांच्या देखत धाकटे बोलून गेले, "दादाचा हात थरथरतो हल्ली."

हे खरं होतं. खोटं असतं तर दादा रागावले असते, ओरडले असते आणि संध्याकाळपर्यंत विसरले असते. खरं होतं म्हणून त्यांनी काही न बोलता उजवा हात पँटच्या खिशात घातला, आणि तो त्यानंतर वस्तीने बाहेर पाहिला नाही.

दुसऱ्या आठवड्यात दुकानाच्या मधोमध भिंत आली. भिंत प्लायवूडची. दोन्हीकडे रग्गड काच पडून होती, पण काचेतून एकमेकांची तोंडं दिसली असती. धाकट्यांकडे काच राहिली, दादांकडे फ्रेमा. त्यामुळे फोटो मढवायला आलेल्या गिऱ्हाइकाला आधी एका दारातून आत जावं लागे, मग दुसऱ्या. "त्यांना सांगा, काच सूतभर मोठी कापलीय," दादा गिऱ्हाइकाला सांगायचे. "त्यांना सांगा, फ्रेम सूतभर लहान आहे," धाकटे सांगायचे. गिऱ्हाईक बिचारं आजोबांचा फोटो छातीशी धरून या दारातून त्या दारात. प्लायवूड असं पातळ, की दोघांना दोघांचंही सगळं ऐकू यायचं.

आणि आता दादा चालले होते. लेकीकडे, दूरच्या शहरात, कायमचे. सोमवारी गाडी होती. हे धाकट्यांना कोणी सांगितलं नव्हतं. प्लायवूडच्या पलीकडून कळलं होतं. दादा एका गिऱ्हाइकाला म्हणत होते, "तुमची फ्रेम शनिवारच्या आत न्या बरं का, नंतर मी नाही." धाकट्यांच्या हातात काच कापायचा हिरा होता. रेघ वाकडी गेली आणि एक चांगला तुकडा वाया गेला.

त्या दिवसापासून धाकटे रोज दुकान बंद केलं की दादांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जायचे आणि काहीतरी विसरल्यासारखं करून परत फिरायचे. काय बोलायचं ते तयार होतं. दुकानात आरशांसमोर त्यांनी पुष्कळ तालीम केली होती. चारी भिंतींवरचे धाकटे एकदम हात जोडून माफी मागायचे आणि त्यातला एकही त्यांना पटायचा नाही. सोमवार जवळ आला. दादांचं वय, ते लांबचं शहर, तो हात. असा गेलेला माणूस परत येत नाही, हे न कळण्याएवढे धाकटे धाकटे नव्हते. या रविवारी काही बोलणं झालं नाही तर कधीच होणार नव्हतं, आणि रविवार म्हणजे नेमका शर्यतीचा दिवस.

शर्यतीच्या सकाळी सेक्रेटरी ध्वनिक्षेपक घेऊन स्टुलावर उभे होते. सेक्रेटरी म्हणजे औषधांच्या दुकानाचे मालक. एरवी हळू आवाजात "रिकाम्या पोटी घ्या" म्हणणारा हा माणूस हातात ध्वनिक्षेपक आला की अनावर व्हायचा. त्यांनी शिट्टी फुंकली, गर्दी सुटली, काटकुळी मुलं दिसेनाशी झाली. मग जाडजूड मंडळी गेली, मग बाबागाडी ढकलणारे एक वडील गेले, मग गप्पा मारणाऱ्या दोन मैत्रिणी गेल्या. रस्ता रिकामा झाला आणि धाकट्यांना शेवटचा माणूस दिसला.

चामड्याचे काळे बूट, इस्त्रीची पँट, छातीवर चारही टाचण्या सरळ मारून लावलेला नंबर, आणि उजवा हात खिशात.

दादा उभ्या आयुष्यात कधी बससाठीसुद्धा पळाले नव्हते. त्यांनी मागे पाहिलं नाही. घसा साफ केला आणि चालायला लागले.

धाकट्यांना वाटलं, हा मुद्दाम छळायला आलाय. चार वर्षं बोलला नाही तो नाही, आणि आता सगळ्या वस्तीसमोर आपली पाठ दाखवत मिरवणार, आणि आपल्याला तोंडात मूग गिळून मागून चालावं लागणार, तेही आपणच केलेल्या कायद्याने. पण विचार करायला वेळ नव्हता. रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरने गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली होती.

दादा सावकाश चालत होते. थकल्यामुळे नव्हे, ते प्रत्येक दुकानाची काच तपासत होते. कापडवाल्याच्या शोकेसपाशी थांबले, कोपऱ्यात बोट फिरवून काच धरून ठेवणारी लांबी निघालीय का बघितलं, नापसंतीने मान हलवली. ती काच भिंत झाल्यानंतर धाकट्यांनी एकट्याने बसवली होती. धाकटे दहा पावलं मागे उभे राहिले. त्यांच्या मागे रुग्णवाहिका उभी राहिली. तिच्या मागे एक ट्रक, दोन बसगाड्या आणि एक लग्नाला निघालेली मोटार उभी राहिली.

"काका," ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं, "त्यांना जरा सांगा ना."

"बोलता येत नाही."

"भाऊ आहेत ना तुमचे?"

"म्हणूनच," धाकटे म्हणाले.

बेकरीसमोर पाण्याचं टेबल होतं. बेकरीवाल्या बाई ते आवरायला लागल्या होत्या. दादा म्हणाले, "पाणी नको. दोन चहा द्या." बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा मागच्या नारिंगी जाकिटाकडे, आणि काही न विचारता आतून दोन कप आणले. दादांनी एक डाव्या हाताने घेतला आणि उभ्याने प्यायले. दुसरा कप उचलला, बेकरीच्या कठड्यावर ठेवला आणि चालू लागले.

धाकटे त्या कपापाशी आले. वाफ निघत होती. हा कप कोणासाठी? दोन चहा सांगितले, एक प्यायला, एक ठेवला. आपल्यासाठी ठेवला असेल तर न घेणं म्हणजे पुन्हा अपमान. आणि आपल्यासाठी नसेल, नुसताच जास्त झाला म्हणून ठेवला असेल, तर तो उचलणं म्हणजे उष्ट्यावर हात मारणं. धाकटे कपाकडे बघत राहिले. पलीकडे दादांची पाठही थोडी रेंगाळली.

"प्या ना काका, गार होतोय," ड्रायव्हर म्हणाला.

"मला कोणी घे म्हटलेलं नाही."

ड्रायव्हरने हात लांब केला, कप उचलला आणि पिऊन टाकला. "साखर कमी आहे," तो म्हणाला. धाकट्यांचा चहा नेहमीच कमी साखरेचा असायचा. हे ऐकून ते इतके हळहळले, की त्यांना रस्त्यात मटकन बसावंसं वाटलं. पण शेपटाला बसायची सोय नाही.

तेवढ्यात फोन वाजला. सेक्रेटरी होते. "धाकटे, कुठे आहात? बक्षिसं वाटून झाली. खुर्च्यावाला खुर्च्या मागतोय."

"बेकरी ओलांडली."

"अजून बेकरीच? शेवटी आहे तरी कोण?"

"दादा."

सेक्रेटरींना वस्तीतली सगळी दुखणी ठाऊक होती. "सावकाश येऊ द्या मग," ते आपल्या औषधाच्या दुकानातल्या आवाजात म्हणाले. "खुर्च्यावाल्याचं मी बघतो."

बेकरीपुढे कालव्याचा पूल लागतो. पुलावरचा पदपथ कसल्याशा पाइपांसाठी उकरून ठेवला होता. जिथे फरशा संपत होत्या तिथे एकदम खाली पाऊल टाकावं लागायचं. दादा तिथे आले, पाऊल खाली टाकलं, आणि पुढे बघतच म्हणाले, "पायरी."

"हं," मागून धाकटे म्हणाले.

दोघेही चार पावलं पुढे गेले आणि मग दोघांनाही कळलं काय झालं ते.

मोठी काच दोघांनी उचलायची म्हणजे एक पुढे, एक मागे. मागच्याला समोर काचेशिवाय काही दिसत नाही. पायाखालचं तर नाहीच. म्हणून पुढच्याने वाट सांगायची. पायरी, खड्डा, डावीकडे, माणूस. मागच्याने 'हं' म्हणायचं आणि तसं करायचं. काय, का, कुठे, असं विचारायचं नाही, कारण विचारायला थांबलं की काच वाकते आणि वाकली की गेली. वडिलांनी दोघांना मिसरूड फुटायच्या आत हे शिकवलं होतं. दादा पुढे आणि धाकटे मागे, अशा त्यांनी वस्तीतल्या निम्म्या काचा चढवल्या होत्या. चार वर्षांच्या अबोल्याला डोक्यात जागा मिळाली होती, पायांना त्याची खबरच नव्हती. पुढे दादा आहेत म्हटल्यावर धाकट्यांनी हात नकळत थोडे वर धरले होते. दहा पावलांच्या पलीकडे दादांचा डावा हातही तसाच होता.

दादांचे कान लाल झाले. मागून तेवढंच दिसत होतं.

कायद्याने आता धाकट्यांची वाट मोकळी होती. शेवटचा माणूस आपणहून बोलला होता. शेपटाला बोलायची परवानगी होती. धाकट्यांनी आरशासमोर पाठ केलेलं सगळं आठवून पाहिलं. दादा, मी त्या दिवशी जे बोललो. दादा, माझं चुकलं. दादा, लोकांसमोर मी. पण मागून काच धरलेला माणूस भाषण करत नाही. पूल संपत आला.

"खड्डा," दादा म्हणाले. या वेळी मात्र मुद्दाम.

"हं."

"डावीकडे घे."

"हं."

"उतार आहे. सावकाश."

"हं."

ड्रायव्हर हे सगळं खिडकीतून ऐकत होता. रस्ता सपाट होता. खड्डा तर औषधालाही नव्हता. "काका," तो दबक्या आवाजात म्हणाला, "तुमचं नक्की काय चाललंय?"

"बोलतोय आम्ही," धाकटे म्हणाले. आणि असं म्हणताना त्यांना एवढं बरं वाटलं, की जणू चार वर्षं दुखणारी दाढ कोणीतरी काढून हातात दिली होती.

मुख्य रस्त्याच्या वळणावर शेवटची कमान दिसायला लागली. फुगे निम्मे उतरले होते. खुर्च्या एकात एक घालून रचून ठेवल्या होत्या, आणि त्या रचलेल्या खुर्च्यांसमोर सेक्रेटरी, कमिटीचे दोघे आणि धाकट्यांची बायको, एवढीच मंडळी उन्हात उभी होती. "येत आहेत!" सेक्रेटरींनी ध्वनिक्षेपक तोंडाला लावला. "आपले शेवटचे स्पर्धक येत आहेत! टाळ्या!" तिघांनी टाळ्या वाजवल्या.

ती पांढरी रेष दादांनी ओलांडली की झालं. शर्यत संपली, खड्डा-पायरी संपली. दादा घरी जाणार, आपण जाकीट परत करणार, आणि उद्या सोमवार. धाकट्यांची पावलं आपोआप मंदावली. असं त्यांनी शेपूट झाल्यापासून कधी केलं नव्हतं. दहा पावलांचं अंतर पंधरा झालं. दादांनी मागे वळून पाहिलं नाही, पण त्यांचीही पावलं मंदावली आणि अंतर पुन्हा दहा झालं. असं करत करत दोघे जवळजवळ जागच्या जागी चालायला लागले. मागे रुग्णवाहिकेच्या इंजिनातून धूर यायला लागला.

चौकात कमान सरळ समोर होती. दादांच्या घराची गल्ली उजवीकडे.

"उजवीकडे," दादा म्हणाले.

"हं," धाकटे म्हणाले आणि वळले.

वळून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. ड्रायव्हरने क्षणभर कमानीकडे पाहिलं, मग उजवा दिवा लावला आणि तोही वळला. त्यालाही शेपटाच्या मागे राहायचा हुकूम होता. "दादा, इकडे!" सेक्रेटरी ध्वनिक्षेपकातून ओरडले. "इकडे आहे रेष! धाकटे, अहो, सांगा त्यांना! धाकटे!" मग ध्वनिक्षेपक चालूच आहे हे विसरून ते म्हणाले, "गेले वाटतं दोघेही." आणि त्यावर धाकट्यांच्या बायकोचा आवाज सगळ्या चौकाला ऐकू आला, "जाऊ द्या हो त्यांना. एकदाचे जाऊ द्या."

गल्लीत पुढे छातीवर नंबर लावलेले दादा, मागे जाकीट घातलेले धाकटे, आणि त्यांच्यामागे माणसाच्या चालीने येणारी रुग्णवाहिका, असे ते निघाल्यावर खिडक्या उघडल्या. रेडिओ बंद झाले. एका गृहस्थांनी डोक्यावरची टोपी काढली आणि कोणासाठी काढली ते न कळल्याने हातात धरून उभे राहिले. वहिनी धावत बाहेर आल्या. "काय झालं? कोणाला झालं?"

"शर्यत," दादा म्हणाले.

वहिनींनी गाडीच्या आत डोकावून बघितलं. आत कोणी नव्हतं. तेव्हा कुठे त्यांना दिराचा चेहरा दिसला. त्या दारातून बाजूला झाल्या.

"पायरी," दादा म्हणाले.

"हं," म्हणून धाकटे आत गेले.

घरातलं सामान बांधून झालं होतं. दोरीने करकचून आवळलेली खोकी भिंतीला लावलेली, कपाटाची दारं उघडी, आत नुसते कागद. भिंतींवर जिथे जिथे फ्रेमा होत्या तिथे तिथे रंग उजळ राहिला होता. बसायला तीन खुर्च्या तेवढ्या शिल्लक होत्या. दादा एका खुर्चीत टेकले. नवे असल्यासारखे चकाकणारे ते बूट त्यांना लागले असणार. त्यांनी खिशातून उजवा हात बाहेर काढला आणि नाडीला घातला.

हात थरथरत होता. आता नुसता थरथरत नव्हता. नाडीचं टोक त्यांच्या चिमटीत येत होतं आणि निसटत होतं, येत होतं आणि निसटत होतं. त्यांनी तो लपवला नाही. आपल्या एका वाक्याने हा माणूस चार वर्षं एका हाताने जगला, डाव्या हाताने जेवला, डाव्या हाताने फ्रेमा ठोकल्या, हे धाकट्यांना तेव्हा नीट कळलं. ते खाली बसले, दोन्ही नाड्या सोडल्या, बूट काढले आणि खुर्चीखाली जोडीने ठेवले. दादांनी पाय मागे घेतला नाही.

"काका," दारातून ड्रायव्हरने हाक मारली. "माझं काय?"

दादा खुर्चीत सरळ बसले. "सोडली मी शर्यत," ते धाकट्यांना म्हणाले. "माझ्या तोंडाने सांगतोय. कळव तुझ्या सेक्रेटरीला. आता तू मोकळा आहेस. जा."

धाकट्यांनी फोन लावला. "त्यांनी सोडली," ते म्हणाले.

"म्हणजे संपली ना शर्यत?" सेक्रेटरींनी विचारलं.

"संपली."

ड्रायव्हरने सुटकेचा श्वास टाकला, गाडी मागे घेतली आणि गेला. दार सताड उघडं होतं. आता धाकट्यांना त्या घरात थांबायला कुठला नियम लागू नव्हता. दादा भिंतीकडे बघत होते. वहिनी खोक्याची आवळलेली दोरी उगाच पुन्हा आवळत होत्या. बोलणारं पुढे कोणी नव्हतं आणि 'हं' म्हणून भागणार नव्हतं.

धाकट्यांनी खुर्ची ओढली आणि बसले.

"दादा, जाऊ नकोस."

"तिकिटं काढलीत," दादा म्हणाले. "सामान बांधलंय. उद्या घराच्या किल्ल्या द्यायच्यात. पोरीने तिकडे खोली रंगवून ठेवलीय."

"माहीत आहे."

"मग?"

"मग काही नाही. तू जाऊ नयेस असं मला वाटतं. एवढं सांगायचं होतं."

उजवा हात दादांच्या मांडीवर हलत होता आणि ते त्याच्याकडे, तो दुसऱ्या कोणाचा असावा, तसं बघत होते.

"जायचं ठरल्यापासून अख्खी वस्ती भेटून गेली," ते शेवटी म्हणाले. "जो तो म्हणतो, छान झालं, लेकीकडे आराम आहे. हिचे भाऊ म्हणाले, उत्तम. डॉक्टर म्हणाला, उत्तम. जाऊ नकोस, असं एक माणूस म्हणाला नाही. एक नाही. मी म्हटलं, एक जण म्हणेल. पण तो काही येत नाही. गल्लीच्या तोंडापर्यंत येतो आणि परत जातो. हिने खिडकीतून दाखवला मला, रोज. मग म्हटलं, आपणच जाऊ त्याच्या पुढ्यात. तिथे तरी त्याला मागून यावंच लागेल."

"मी म्हणालो आता," धाकटे म्हणाले.

"हो," दादा म्हणाले. "म्हणालास तू."

आणि मग दादा रडले. आवाज न करता, तोंड वाकडं करून, म्हातारी माणसं रडतात तसे. धाकटेही रडले आणि त्यांना मात्र आवाज आवरता आला नाही. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी सुटणारच होती, ते दोघांनाही ठाऊक होतं. वहिनी उठल्या आणि दार लावून आल्या, कारण टोपी काढलेले ते गृहस्थ अजून बाहेर उभे होते.